काकूंच्या डबीत मासा!

अगंबाई, ऐकलंत का? आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मासे खायला लागल्या! हो हो, त्याच. लिफ्टमध्ये माझ्या पिशवीतल्या सुरमईचा नुसता वास राहिला म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर ज्यांनी रात्री अकरा वाजता हात जोडलेले तीन इमोजी टाकले होते, त्याच काकू. रोज दोन वेळा, जेवणानंतर, पाण्याबरोबर. आणि वर काय म्हणतात? "डोळ्यांसाठी घेते गं. डोळे फार कोरडे पडतात."

मी डबी हातात घेऊन पाहिली ना! मधाच्या रंगाची, लांबट, पारदर्शक कॅप्सूल. बोटांत धरली की किंचित दबते. आत माशाचं तेल आणि वरचं कवच जिलेटिनचं, म्हणजे तेही जनावराच्या हाडाकातड्यातून आलेलं. डबीच्या कोपऱ्यात चौकोनातला तपकिरी त्रिकोण ठसठशीत छापलेला. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका जी बाई भिंग लावून तपासते, तिला एवढा त्रिकोण दिसू नये? डोळे खरंच बिघडलेत म्हणायचे. चातुर्मासात कांदा-लसूण बंद, वांगं बंद, आणि हे मात्र चालू. ढेकर माशाच्या वासाची येते म्हणून डबी फ्रीझरमध्ये ठेवतात, श्रीखंडाच्या शेजारी! मी काही बोलले नाही. मनातल्या मनात सुरमईच्या आत्म्याला शांती मिळाली.

आणि एकट्या काकूच कशाला, अख्खी इमारत या नादाला लागलीय. भिशीत पूर्वी सुनांवर बोलायचो, आता माशाच्या तेलातल्या ओमेगा-थ्रीवर बोलतो. "तुझं किती मिलिग्रॅमचं?" "माझं हजाराचं." "अय्या, माझा भाचा अमेरिकेहून मोठी बाटली आणतो." साड्यांचं कौतुक मागे पडलं बघा. ज्यांना माशाचं वावडं, त्या जवसाच्या तेलाची कॅप्सूल घेतात. म्हणजे आजीने जवसाची चटणी वाढली की नाक मुरडायचं आणि तेच जवस डबीत भरून आलं की ऐटीत गिळायचं. वर कुणी सांगतच नाही की जवसातलं ओमेगा-थ्री वेगळ्या जातीचं असतं आणि आपलं शरीर त्यातलं अगदी थोडंच माशातल्या प्रकारात बदलून घेतं. सांगितलं तरी ऐकणार कोण?

आता खरी खमंग बातमी ऐका, अमेरिकेतली. तिथल्या सरकारी नेत्रसंस्थेच्या पैशाने 27 केंद्रांवर एक मोठी चाचणी झाली, 'ड्रीम' नावाची. डोळे कोरडे पडणारे 535 लोक घेतले. 349 जणांना रोज 3000 मिलिग्रॅम माशाचं ओमेगा-थ्री, म्हणजे दिवसाला पाच कॅप्सूल. काकूंच्या दोन तर त्यापुढे काहीच नाहीत. उरलेल्या 186 जणांना तशाच दिसणाऱ्या कॅप्सूल, पण आत साधं ऑलिव्हचं तेल. कुणाच्या पोटात काय जातंय ते ना पेशंटला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. पूर्ण वर्षभर! आमच्याकडे सासूने सुनेला काय दिलं हे तासाभरात चार मजले फिरतं, आणि ही माणसं वर्षभर गप्प.

2018 मध्ये निकाल लागला. त्रास मोजायची शंभर गुणांची एक पट्टी असते. त्यावर मासेवाल्यांचा त्रास सरासरी 13.9 गुणांनी कमी झाला. वा! टाळ्या! आणि ऑलिव्हवाल्यांचा? 12.5 ने. एवढासा फरक योगायोगानेही पडतो, तो धरण्यासारखा नाही, असं त्यांच्याच गणिताने सांगितलं. म्हणजे बरं दोघांनाही वाटलं! रोज नेमाने काहीतरी घेतोय, डॉक्टर विचारपूस करतायत, याने निम्मं दुखणं पळतं हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. पण पाच-पाच कॅप्सूल गिळून ऑलिव्हएवढंच?

मग काय, जुंपलीच. ओमेगावाले म्हणाले, ऑलिव्ह तरी कुठे साधंभोळं, तेही गुणाचंच तेल, त्याच्याशी तुलना म्हणजे अन्याय. काहींनी जुने, छोटे अभ्यास पुढे केले, ज्यांत फायदा दिसला होता. ते अभ्यास आहेत, नाही कशाला म्हणू. पण 2022 मध्ये दुसरी बातमी आली. तेवीस हजारांहून जास्त लोकांना पाच वर्षांच्या आसपास रोज एक ग्रॅम माशाचं ओमेगा-थ्री किंवा नुसती दिखाऊ गोळी देऊन पाहिलं. कोरड्या डोळ्यांचा आजार नव्याने जडण्यात काही फरक नाही. हे मी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "अमेरिकेतले मासे वेगळे असतील." यावर काय बोलणार?

बरं, डोळे कोरडे का पडतात, हे कुणी विचारतंय का? अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. खाली चिकट थर, मध्ये पाणी आणि वरून तेलाचा पातळ पापुद्रा, जो पाणी उडू देत नाही. ते तेल पापण्यांच्या काठावरच्या बारीक ग्रंथींमधून येतं, आणि पापणी लवली की डोळाभर पसरतं. आपण एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो. मोबाइलमध्ये डोकं घातलं की त्याच्या अर्ध्यावर येतो. काकू रात्री मालिका संपल्यावर अंथरुणात पडून दोन तास रील्स बघतात, वरून एसी थेट तोंडावर. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होणार नाही तर काय मोगरा फुलणार? सर्दीच्या त्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनीही डोळे सुकतात, आणि त्या तर काकू शेंगदाण्यासारख्या खातात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोमट कापडाने पापण्या शेका, पापण्यांची कड स्वच्छ ठेवा, मध्ये मध्ये मुद्दाम डोळे मिटा, थेंब घाला. कापड आणि पाणी? फुकट? छे! फुकटच्या उपायाचं भिशीत काय सांगायचं?

एक मात्र चेष्टेत काढायचं नाही. अ जीवनसत्त्व फारच कमी पडलं तर डोळे खरोखर सुकतात, रातांधळेपणा येतो, लहान मुलांची दृष्टीसुद्धा जाते. म्हणून तर सरकारी दवाखान्यात नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत मुलांना दर सहा महिन्यांनी ते चमच्याने पाजतात. तिथे तो डोस सोन्याच्या मोलाचा. पण ज्यांच्या घरात दूध, तूप, पपई, पालेभाजी सगळं रीतसर येतं, त्यांनी मनानेच अ जीवनसत्त्वाच्या जादा गोळ्या खाल्ल्या तर ते यकृतात साठतं आणि त्रास देतं. दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई गरोदर असताना हा प्रयोग करणार होती, तिच्या डॉक्टरांनी असं काही झापलं म्हणता! रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या काकांनीही माशाच्या तेलाचं आधी डॉक्टरांना सांगायला हवं. काका सांगतात कुठे, बायकोपासूनच लपवून घेतात.

आणि त्या डबीवर बारीक अक्षरांत काय लिहिलेलं असतं, वाचलंय कधी? 'औषधी वापरासाठी नाही.' पूरक आहारावर तसं लिहायचं, असा नियमच आहे. ते वाचायला डोळे नीट हवेत, ही कंपनीची सोयच म्हणायची.

काकूंचा त्रिकोणही मी शेवटी दाखवून दिला, राहवेना हो. चेहरा पांढराफटक! दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी विजयी मुद्रेने नवीन डबी घेऊन माझ्या दारात हजर. शैवालाचं तेल, कवचही वनस्पतीचं, वर हिरवा ठिपका. "माशांच्या अंगात तरी ओमेगा येतं कुठून? शैवालातूनच ना!" खरं आहे ते. मला वाद घालता येईना. बांगडा-तारली स्वस्तात ताटात घेते ती मी अडाणी, आणि समुद्राच्या तळाशी थेट संधान बांधलं त्या काकू पुढारलेल्या.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून ताजी खबर आलीय. आता म्हणे ल्युटीन. ते डोळ्यांच्या पडद्याच्या वेगळ्याच आजारासाठी तपासलं गेलं होतं, कोरडेपणाचा त्यात प्रश्नच नव्हता, पण ऐकतंय कोण! आणि ते काढतात कशातून, माहितीय? झेंडूतून! दसऱ्याच्या तोरणाला कुणी हात लावायचा नाही, म्हणून मी आत्ताच ग्रुपवर टाकून ठेवलंय.