अनुभव : दहा फूट

देशात ट्रक ड्रायव्हरांचा भयंकर तुटवडा आहे, असे मालवाहतूकवाले कळवळून सांगत असतात. माझा भाचा म्हैसुरात हा तुटवडा भरून काढायला निघाला आणि तुटवड्याने त्याला दारातूनच वाटेला लावले.

पोरगा कायद्याने पक्का. मालवाहू गाडी चालवायला वयाची २० वर्षे पूर्ण लागतात. त्याला बाविसावे सरले. हलक्या गाडीचे लायसन्स वर्षभर जुने झाल्याशिवाय जड गाडीचे शिकाऊ लायसन्सही मिळत नाही. तेही वर्ष त्याने निमूट काढले. आठवी पासची अट सरकारने २०१९ साली काढून टाकली, पण भाचा बी.कॉम. असल्यामुळे त्या सवलतीचा फायदा तेवढा हुकला.

मग तो नंजनगूडच्या कारखान्यांबाहेर, कडकोळ्याला, बंडीपाळ्याच्या एपीएमसी यार्डात हिंडला. सगळीकडे एकच सवाल : पाच वर्षांचा अनुभव आहे का? म्हणजे त्याने सतराव्या वर्षीच कायदा मोडायला सुरुवात करायला हवी होती. आम्ही घरचे लोक पोराला वळण लावत बसलो, तिथेच त्याचे करिअर बुडाले.

पूर्वी याला एक सोय होती. तिचे नाव क्लीनर. पोरगा टायर ठोकून हवा बघायचा, ताडपत्री बांधायचा, रिव्हर्सला मागे उभा राहून ‘आन दो, आन दो’ ओरडायचा, उस्तादाच्या शिव्या खायचा. आणि कधीतरी मध्यरात्री मोकळ्या रस्त्यावर डोळे जड झालेला उस्ताद स्टीअरिंग त्याच्या हाती द्यायचा. अभ्यासक्रम कायद्यात बसणारा नव्हता, पण पास होणाऱ्याला रिव्हर्स यायचा. पुढे मालकांनी हिशेब केला. क्लीनरचा पगार, त्याचा भत्ता, त्याचे जेवण, सगळे वाचवले. शाळा स्वतः बंद केली, आणि आता विद्यार्थी का येत नाहीत म्हणून हेच गळा काढतात.

त्यात ताईची अट : रात्री जेवायला पोरगा घरी पाहिजे. ही अट घालणारे घराणे मूळचे विट्याकडचे. भाच्याचे आजोबा सोने गाळायच्या धंद्यासाठी मुलूख सोडून इतक्या लांब आले, तेव्हा ते रात्री कुठे जेवतात हे कोणी विचारले नव्हते. पण दोन पिढ्यांत घर एवढे स्थिरावले की आता रिंग रोडच्या पलीकडचे सगळे परदेश.

अखेर एक मालक म्हणाला, लोकल काम आहे. लोकल म्हणजे म्हैसूर ते वायनाड, भाजीपाला. नकाशात शेजारचेच. मध्ये बंदीपूरचे जंगल आहे एवढेच. आणि तिथे २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते. केरळातून परतताना पाच मिनिटे उशीर झाला की नाक्यावरच मुक्काम, आणि घरचा वरण-भात जंगलाच्या पलीकडे. माझी त्या बंदीबद्दल तक्रार नाही, चांगलीच आहे. पण या टापूत रात्री आपापल्या घरी निवांत असण्याची हमी फक्त हत्तींना आहे, हे ताईला समजावणे मला जमले नाही.

नाक्यावरचे ते ९ तास ड्यूटीत धरणार का, असे भाच्याने विचारले. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा, २०२५ पर्यंत लागू असलेला कायदा दिवसाला ८ तास सांगत होता, हे त्याने वाचले होते. मालक म्हणाला, ती विश्रांती. फक्त डोळे उघडे ठेवून घ्यायची, नाहीतर डिझेल जाते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा आहे, हेही पोरगा बोलून गेला. मालकाचा ट्रक अर्थात त्याआधीचा. म्हैसूरची हवा मुळातच थंड, असे उत्तर मिळाले आणि इतके वाचणारा ड्रायव्हर नको, असेही.

मात्र आयुधपूजेला त्याच मालकाचा फोन आला. ड्रायव्हर गावी गेलेले, ट्रक धुऊन केळीचे खुंट बांधून तयार, चाकांखाली लिंबे मांडलेली, आणि ती चिरडायला लायसन्सवाला कोणी नाही. भाच्याने स्टार्टर मारला, कोहळा फुटला, ट्रक दहा फूट पुढे गेला. लिंबे एका दमात सपाट. मालकाने किल्ली काढून घेतली आणि चुरमुऱ्यांची पुडी दिली.

“अनुभवाचं पत्र द्याल का?” भाच्याने विचारले.

“पुढच्या दसऱ्याला ये,” मालक म्हणाला, “दोन वर्षं धरतो.”