शेऱ्याचा रकाना

कागदाच्या नोंदवहीइतकं सोशिक जगात दुसरं काही नसेल. तारखेच्या रकान्यात 'गुढीपाडवा' लिहा, किमतीच्या रकान्यात 'भेट' लिहा, जागा पुरली नाही तर शेजारच्या रकान्यात पाय पसरा. वही हूं की चूं करत नाही. डेटाबेसमधलं टेबल मात्र दारातच उभं करतं आणि चौकशी करतं. नाव काय, लांबी किती, आकडा की अक्षर, याआधी येऊन गेलात का? समाधान झालं तर 'एक ओळ तयार झाली' एवढंच कोरडेपणानं सांगतं. या, बसा, पाणी घ्या वगैरे काही नाही.

आमच्या वाचनालयाच्या दाखल नोंदवह्या संगणकावर चढवायचं ठरलं, तेव्हा कार्यकारिणीत बँकेतून निवृत्त झालेला मी एकटाच होतो. बँकेत संगणक असतो, म्हणजे मला तो कळत असणार, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. मदतीला इंजिनिअरिंगचा एक मुलगा मिळाला. कॉलेजात ओरॅकल शिकवतात म्हणून त्यानं ओरॅकलच घेतलं, पुस्तके, सभासद, देवघेव आणि वर्गणी अशी चार टेबलं आखली आणि म्हणाला, "काका, आता नुसत्या ओळी भरायच्या."

'नुसत्या' हा शब्द तरुण माणसंच वापरू शकतात.

ओळ भरण्याची आज्ञा तशी सरळ आहे. इन्सर्ट इंटू, मग टेबलाचं नाव, कंसात रकान्यांची नावं, मग व्हॅल्यूज, पुन्हा कंसात त्याच क्रमानं मजकूर आणि शेवटी अर्धविराम. अक्षरं एकेरी अवतरणात घालायची, आकडे उघडे ठेवायचे. ही सरळपणाची हौस मुद्दामची आहे. आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत एडगर कॉड या गणिती माणसानं १९७० साली माहिती टेबलांत मांडण्याची कल्पना निबंधात मांडली. तिच्यावर डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये जी भाषा बेतली, ती प्रोग्रॅम लिहिता न येणाऱ्यांनाही वापरता यावी अशी त्यांची इच्छा होती. भाषेचं नाव त्यांनी 'सीक्वेल' ठेवलं होतं, पण ते एका ब्रिटिश विमान कंपनीनं आधीच नोंदवलेलं निघालं, म्हणून आखडून एसक्यूएल केलं. एकच नाव दोनदा घालता येणार नाही, हा नियम असा पहिल्यांदा तिच्या आईबापांनाच लागू झाला.

तर प्रोग्रॅम न येणारे आम्ही बसलो. ग्रंथपाल बाई वही वाचणार, मुलगा टंकणार, मी देखरेख करणार. पहिलं जुनं पुस्तक निघालं. बाईंनी किंमत वाचली, "दोन, आठ, शून्य." वहीत '२-८-०' असंच होतं आणि मुलानं ते तसंच, आकडा म्हणून उघडंच, घातलं. टेबलानं ओळ घेतली. तपासलं तर किंमत उणे सहा रुपये! मला आधी वाटलं यंत्र बिघडलं. बिघडलं नव्हतं, त्यानं प्रामाणिकपणे वजाबाकी केली होती. दोनातून आठ गेले, त्यातून शून्य गेलं, उरले उणे सहा. हिशोब चोख. पुस्तक घेतल्याबद्दल प्रकाशकानंच वाचनालयाला सहा रुपये दिले, असा त्याचा अर्थ.

मुलाला रुपये-आणे-पै शिकवण्यात तासभर गेला. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे आठ आणे हा अर्धा रुपया, म्हणून किंमत अडीच रुपये. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि हे सगळं मोडीत निघालं. तो थक्क होऊन म्हणाला, "म्हणजे दोन पूर्णांक आठ नाही?" नाही रे बाबा. दोन पूर्णांक आठ लिहिलं असतं तर टेबलानं तेही घेतलं असतं, आणि ते जास्त वाईट झालं असतं. उणे सहा निदान डोळ्यांत खुपतं. दोन रुपये ऐंशी पैसे कुणाच्या डोळ्यांत खुपणार? टेबल फक्त आकडा आहे की नाही ते पाहतं, खरा आहे की नाही ते पाहणं आपल्याकडेच राहतं.

याचा पुढचा धडा एका कादंबरीनं दिला. मुखपृष्ठ गेलेलं, आतल्या पानावर 'शके १८३२'. वहीतही तेवढंच. मुलानं प्रकाशनवर्ष १८३२ घातलं, टेबलानं बिनतक्रार घेतलं. तक्रार तरी कशी करणार? १८३२ हे काही वेडंवाकडं साल नाही. त्याच वर्षी ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं. पण मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ ची. आमच्या वाचनालयात तिच्या पंचवीस वर्षं आधीची कादंबरी सापडल्याची नोंद एका इन्सर्टनं झाली होती. ही बातमी बाहेर गेली असती तर दोन-चार प्रबंध सहज निघाले असते. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९१०. पण पुस्तक पौष, माघ किंवा फाल्गुनात निघालं असेल तर एकोणऐंशी मिळवायचे, मग १९११. महिना वहीत नाही. बाईंनी वहीत डोकावून सुचवलं, "१९१०-११ असं घाला ना." पण रकाना चार आकड्यांचा आणि आकड्याचाच. 'च्या सुमारास' घालायला तिथे जागा नाही.

लेखकाच्या रकान्याला मुलानं नॉट नल अशी अट घातली होती. म्हणजे रिकामा सोडायचा नाही. पहिली आठ पानं उंदरांनी खाल्लेल्या पुस्तकाचा लेखक कोण? बाईंनी व्यवहारी तोडगा काढला: 'ठाऊक नाही' असं घाला. घातलं. अशी पुस्तकं बरीच निघाली. पुढे मुलानं हौसेनं कोणत्या लेखकाची किती पुस्तकं याची यादी काढली, तेव्हा पहिला नंबर श्री. ठाऊक नाही यांचा आला. खांडेकर, फडके सगळे मागे. (पु. ल. देशपांडे यांचा नंबर खाली का गेला तेही कळलं: टिंबांसह, टिंबांविना आणि मधली जागा सोडून असे ते तीन वेगवेगळे लेखक झाले होते.)

शेवटी अट काढली आणि अज्ञात लेखकांच्या जागी नल ठेवला. या नलबद्दल मला आदर वाटतो. तो शून्य नाही. 'माहीत नाही' असं सांगण्याची ती यंत्राची रीत आहे. दोन नल एकमेकांसारखे आहेत का, असं विचारलं तर यंत्र हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. दोन अज्ञात लेखक एकच असतील किंवा नसतीलही, मी कसं सांगू? इतका संयम आमच्या कार्यकारिणीत कुणाकडे नाही.

आपल्या गुरुजींकडे मात्र नल नव्हता. सभासदांच्या जन्मतारखा चढवताना ते दिसलं. साठी-सत्तरी ओलांडलेले सभासद एकामागून एक १ जूनला जन्मलेले. गावाकडे शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराची जन्मतारीख घरच्यांना आठवायची नाही, 'मोठ्या पुरानंतरचा आहे' एवढंच ठाऊक. शाळेच्या रजिस्टरचा रकाना कोरा ठेवून चालत नसे. गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. संगणक येण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रानं नॉट नलचा अनुभव घेतला आहे, आणि त्या तारखेवर लोक नोकरीला लागले नि निवृत्तही झाले. आता वाचनालयातर्फे वाढदिवसाचे संदेश जातात. १ जूनला निम्म्या ज्येष्ठांचे फोन एकदम वाजतात.

आडनावांचा घोळ वेगळाच. रकान्याला वीस अशी लांबी दिली होती. जोशी गेले, पाटील गेले, कुलकर्णी अडले. 'चोवीस आहेत, वीसच घेता येतात' असा निरोप आला. ओरॅकल वेगळं काही सांगितलं नाही तर लांबी बाइटमध्ये मोजतं, आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं धरून. कुलकर्ण्यांची चिन्हं आठ. देशपांडेही तितकेच भरले आणि तेही बाहेर राहिले. बाई स्वतः देशपांडे. त्या दिवशी चहा उशिरा आला.

मग एका दुपारी मुलानं भराभर दीडशे ओळी भरल्या. शेजारच्या संगणकावर बाई पाहतात तर टेबल रिकामं. मुलगा म्हणाला, "अजून कमिट केलं नाही, मॅडम. तोवर फक्त मला दिसतं." मला सातबाऱ्यावरच्या जुन्या पेन्सिलीच्या नोंदी आठवल्या: तलाठ्यानं फेरफार धरला तरी मंडल अधिकाऱ्यानं प्रमाणित करेपर्यंत शाई लागायची नाही. मी हे समजावून सांगत होतो, तेवढ्यात वीज गेली. दीडशे ओळी गेल्या. वीज आल्यावर बघतो तर वर्गणीच्या पावत्यांचे आपोआप पडणारे क्रमांक मधले काही गाळून पुढे गेलेले. यंत्र म्हणे वीस-वीस क्रमांक आधीच खिशात काढून ठेवतं, आणि असं अचानक बंद पडलं तर खिशातले क्रमांक गेले ते गेले. त्याला त्याचं काही नाही. पण गहाळ पावत्या म्हणजे काय, हे त्या यंत्राला कोण सांगणार? आमचे लेखापरीक्षक सांगतील.

सगळ्यात जास्त भांडण झालं ते वहीच्या शेवटच्या रकान्यावरून. तिथे 'शेरा' असं छापलं होतं, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या ग्रंथपालांनी त्यात मन मोकळं केलं होतं. 'वाळवी. पुन्हा बांधून घेतले.' 'सभासद मयत. पुस्तक मुलाने आणून दिले, दंड घेतला नाही.' 'पाने ११२ ते १२८ फाडली आहेत. कोणी ते ठाऊक आहे.' 'बदलीच्या गावाहून पोस्टाने परत, सोबत पत्र.' मुलाला यात काही भरण्यासारखं दिसेना. हे ना आकडा, ना तारीख, ना यादीतून निवडायची स्थिती. त्यानं 'उपलब्ध', 'गहाळ' आणि 'खराब' असे तीन पर्याय सुचवले. बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "मग पत्र कुठे घालायचं?"

मुलगा हुशार आहे. संध्याकाळी त्यानं पुस्तकांच्या टेबलाला आणखी एक रकाना जोडला, चार हजार बाइटचा. देवनागरीची तेराशेच्या वर चिन्हं त्यात मावतात. आजवरचा एकही शेरा त्याहून मोठा निघालेला नाही, दंड न घेण्याची कारणं सविस्तर लिहिणाऱ्या एका ग्रंथपालांचे शेरेसुद्धा.

तुमच्या गावचं वाचनालय संगणकावर जाणार असेल, तर टेबल आखणाऱ्याला एवढं जरूर सांगा: शेवटी शेऱ्याचा रकाना ठेव, ऐसपैस ठेव, आणि त्याला नॉट नल लावू नकोस. आणि ओळी भरून झाल्या म्हणून जुन्या वह्या रद्दीवाल्याला देऊ नका. उणे सहा रुपयांचं काय झालं ते पुढे कुणी विचारलं, तर उत्तर तिथेच सापडणार आहे.