बेसमेंटचं काम काढलंय

न्यू जर्सीत घर दाखवताना एजंट सगळ्यात शेवटी एक दार उघडतो, खालच्या अंधाराकडे हात करतो आणि म्हणतो, ‘‘आणि हे अनफिनिश्ड. तुम्हाला हवं तसं करून घ्या.’’ डोंबिवलीच्या वन-रूम-किचनमध्ये वाढलेला माणूस तिथेच विरघळतो. वरच्या मजल्याएवढी जागा, तीही रिकामी, आणि तिच्यावर हक्क सांगायला एक चुलता नाही!

खरं म्हणजे ही जागा कुणी उदार मनाने दिलेली नसते. इथल्या हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि वरचं बांधकाम उचलतं. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. आमच्याकडे हा थर साधारण तीन फुटांचा. एवढं खणायचंच आहे तर आणखी थोडं खणून खोलीच काढू, असा तो व्यवहार. टेक्सासात ही भानगड नाही, म्हणून बेसमेंटही सहसा नाही. ह्यूस्टनची माझी मावसबहीण मंडळाच्या नाटकाच्या तालमी गॅरेजमध्ये घेते. जूनमध्ये पहिल्या अंकातच सगळे घामाने निथळत असतात, त्यामुळे करुण प्रसंग फार खरे वाटतात म्हणे.

तर बेसमेंट म्हटलं की आधी स्वप्नं उतरतात, कॉन्ट्रॅक्टर नंतर. आमच्याकडे नवऱ्याने एका रविवारी चौकटीच्या कागदावर नकाशा काढला. होम थिएटर, छोटा बार, व्यायामाची जागा आणि आई-बाबा सहा महिने येतात त्यांच्यासाठी बाथरूमसकट खोली. मी त्यात फक्त तांदळाच्या गोणीला आणि गणपतीच्या मखराला कोपरा मागितला, तो ‘स्टोरेज’ या नावाने मंजूर झाला. नकाशात एकच गोष्ट राहून गेली होती: लॅली कॉलम. घराच्या मधल्या तुळईला टेकू देणारा, आत काँक्रीट भरलेला हा लोखंडी खांब. तो सहजासहजी काढता येत नाही. आणि ज्या सोफ्यावरून टीव्ही उत्तम दिसेल, त्याच्या बरोबर समोर तो उभा असतो. मी पाहिलेल्या प्रत्येक बेसमेंटमध्ये.

मग तीन कॉन्ट्रॅक्टर बोलावले. तीन एस्टिमेट घ्यायची हा इथला दंडक आहे. मुलगी बघायला जातानासुद्धा एवढी तुलना आता कुणी करत नाही. पहिला आला तो टॅब्लेट घेऊनच. पाच मिनिटांत त्याने आमचं बेसमेंट पडद्यावर फिरवून दाखवलं. चित्रातल्या सोफ्यावर एक सोनेरी केसांचं कुटुंब पॉपकॉर्न खात बसलं होतं. खांब गायब होता. दुसऱ्याने व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर आकडा लिहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘कॅश दिलीत तर परमिटची कटकट नको.’’ त्या आवाजाने मला एकदम घरच्यासारखं वाटलं, हे मात्र खोटं नाही.

तिसरा वयस्कर होता. जिना उतरून शेवटच्या पायरीवर थांबला आणि त्याने नाक वर करून वास घेतला. नवरा टीव्ही किती इंचांचा ते सांगत होता. हा सरळ मागच्या कोपऱ्यात गेला, भिंतीवर तळवा फिरवला आणि बोटांना लागलेली पांढरी भुकटी आम्हाला दाखवली.

‘‘लोणा लागलाय,’’ माझ्या मागून बाबा म्हणाले.

सासरे सांगलीला सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. कॉन्ट्रॅक्टरला मराठी येत नव्हतं आणि बाबांचं इंग्रजी टेंडर नोटिशीतलं, तरी दोघं लगेच बरोबर घराबाहेर गेले. मागच्या पन्हळीचा पाइप पायाच्या अगदी अंगाशी पाणी सोडत होता. छपरावरचा सगळा पाऊस त्या एका कोपऱ्यात मुरत होता. ‘‘आधी हा पाइप सहा फूट लांब न्या, मातीला घरापासून बाहेर उतार द्या,’’ तो म्हणाला, ‘‘आणि एक मोठा पाऊस होऊन गेला की मला फोन करा. आत्ता ड्रायवॉल लावली तर मागे बुरशी वाढेल, आणि तुम्हाला दिसणार नाही.’’ एवढं बोलून निघून गेला. तिघांत त्याचाच आकडा मोठा होता.

‘‘याला द्या,’’ बाबा म्हणाले.

कॉन्ट्रॅक्टर कसा निवडावा यावर इथे भरपूर सल्ला मिळतो: नोंदणी क्रमांक बघा, विमा बघा, जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा. सगळं बरोबर आहे, करावंच. पण माझं मत विचाराल तर आल्या आल्या टीव्हीची भिंत विचारणारा आणि आल्या आल्या पाण्याची वाट विचारणारा, एवढ्या दोनच जाती आहेत. दुसऱ्या जातीचा माणूस तळघरात शिरलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या सम्प पंपाला बॅटरी आहे का, हेही विचारतो. कारण ज्या वादळात पंप लागतो, त्याच वादळात वीज जाते. १ सप्टेंबर २०२१ ला इडा वादळाच्या शेपटाने नेवार्कला एका दिवसात ८.४१ इंच पाऊस ओतला. त्यानंतर आमच्या रस्त्यावर घरोघरचे गालिचे, सोफे आणि ट्रेडमिल बाहेर मांडलेली होती. कुणी किती खर्च केला होता, हे शेजाऱ्यांना त्या दिवशी कळलं.

तिसऱ्याशीच करार झाला. न्यू जर्सीत ५०० डॉलरच्या वरचं घरदुरुस्तीचं काम असेल तर करार लेखी लागतो आणि त्याची प्रत हातात आल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांत तो रद्द करता येतो. लग्नाला ही सोय असती तर, असं म्हणून नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी करार वाचत होते. त्यातला ‘अलाउन्स’ हा रकाना नीट वाचावा असा असतो. टाइल, नळ, दिवे यांच्यासाठी एक रक्कम धरलेली असते, आणि त्या रकमेत दुकानातली कुठलीच आवडलेली टाइल बसत नाही. फरक आपण भरायचा. बाबांचं सगळं लक्ष मात्र हप्त्यांवर. गावाकडे सुतार उचल घेऊन लग्नाला जातो तो सुगी झाल्यावर उगवतो. इथला कॉन्ट्रॅक्टर लग्नाला जात नाही, दुसऱ्याच्या बेसमेंटला जातो, एवढाच फरक. त्यामुळे शेवटचा हप्ता शेवटच्या इन्स्पेक्शननंतरच द्यायचा, यावर बाबा आणि न्यू जर्सी यांचं एकमत झालं.

मधे रेडॉनची चाचणी झाली. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा वायू तळघरात साठतो. दिसत नाही, वास नाही. हवेत लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त निघाला तर उपाय करा, असं इथलं पर्यावरण खातं सांगतं. १९८४ साली शेजारच्या पेनसिल्व्हेनियात स्टॅन्ली वॉट्रस नावाचा इंजिनिअर लिमरिकच्या अणुवीज केंद्रात कामाला जायचा आणि किरणोत्सर्गाची घंटा वाजायची. गंमत अशी, की केंद्र अजून सुरूच व्हायचं होतं. शेवटी कळलं, की किरणोत्सर्ग तो घरून घेऊन येतोय! त्याच्या घरातला रेडॉन मर्यादेच्या शेकडो पट निघाला. ही गोष्ट नवऱ्याने जेवताना सांगितली, तेव्हा आई एवढंच म्हणाल्या, ‘‘बघा, माणूस ऑफिसात बिघडत नाही.’’ आमचा आकडा दीडच्या आत आला.

आई-बाबांच्या खोलीला खिडकी हवी होती, आणि ती नुसती खिडकी चालत नाही. आग लागली तर आतल्या माणसाला बाहेर आणि पाठीवर नळकांडं बांधलेल्या अग्निशामकाला आत येता आलं पाहिजे. उघडणारी जागा किमान २० इंच रुंद, किमान २४ इंच उंच, एकूण ५.७ चौरस फूट, आणि तळ जमिनीपासून ४४ इंचांच्या वर नको. बाबांनी गुणाकार केला. दोन्ही मापं किमान ठेवली तर साडेतीन चौरस फूटही भरत नाहीत! ‘‘हा नियम लिहिणारा आपल्यातलाच,’’ ते खूश होऊन म्हणाले. काँक्रीटची भिंत कापून खिडकी बसली त्या दिवशी त्यांनी टेप लावला, ४४ इंचांवर पेन्सिलीची खूण केली, लेंग्याची नाडी आवळली आणि एक पाय वर टाकला. तो पाय तिथेच राहिला. पुढेही जाईना, मागेही येईना.

‘‘अहो,’’ आई दारातून म्हणाल्या, ‘‘आग लागली तर या इकडून. दार उघडंच असतं.’’

इन्स्पेक्टर आला त्या सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईंनी चहा टाकला, बिस्किटं काढली. इन्स्पेक्टरने टॉर्च मारला. लाकडी सांगाड्याच्या मागची ज्वाळा अडवणारी आडवी पट्टी दोन ठिकाणी राहिली होती; त्याने लाल स्टिकर चिकटवला आणि चहा तर सोडाच, पाण्याची बाटलीही न घेता निघाला. कॉन्ट्रॅक्टर काही बोलला नाही, गाडीतून लाकूड आणायला गेला. बाबा मात्र त्या कपाकडे बराच वेळ बघत बसले. नापास केल्याचं त्यांना काही वाटलं नाही. नापास करून चहा नाही, हे त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं.

आता सगळं झालंय. म्हणजे जवळजवळ. स्विचबोर्डांची दोन झाकणं आणि बारचा एक खण तेवढा बाकी आहे. ‘पुढच्या मंगळवारी’ असं ठरलंय. खांबाभोवती लाकडी चौकट करून तिला फळ्या मारल्या, तिथे नवऱ्याच्या ग्लासांऐवजी आईंचं लोणचं मुरतंय. पुढच्या वर्षी बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन, त्यामुळे थिएटरमध्ये नाटकाच्या तालमी चालू आहेत आणि टीव्हीला चादर घातलेली असते.

परवा तालमीनंतर एकीने खांबापासून छतापर्यंत सगळं न्याहाळून विचारलं, ‘‘काम छान झालंय गं! कॉन्ट्रॅक्टरचा नंबर दे ना, आम्हालाही काढायचंय.’’ मी फोन हातात घेतला, तेवढ्यात नवऱ्याने टेबलाखालून पाय दाबला.

‘‘देते की,’’ मी म्हटलं, ‘‘फक्त मंगळवार होऊन जाऊ दे.’’

‘‘कुठला मंगळवार?’’ तिने विचारलं.