घरात लेथ

हौशी वर्कशॉपचा पहिला लेथ घेताना 'बजेट' हा शब्द फक्त पहिल्या दिवशी लागू असतो. गोंदिया हे राइस मिलचे गाव. शाफ्ट, पुली, बुश यांची कामे निघतच असतात, त्यामुळे लेथ म्हणजे काय हे इथे समजावून सांगावे लागत नाही. तो घरी कशाला हवा, हे मात्र सांगावे लागते, आणि तेही घरच्यांनाच.

नवा लेथ राजकोट किंवा बटाल्याचा मिळतो. जुना बरेचदा भंगाराच्या हिशेबाने, किलोवर. जुन्यावर रंग ताजा दिसला की खिशावर हात ठेवावा. रंगाने बेडची झीज भरत नाही, गिऱ्हाइकाची नजर तेवढी भरते. बेड सर्वात जास्त झिजतो तो चकजवळ, कारण बहुतेक काम तिथेच होते. कॅरेज चकपाशी ढिले राहणार नाही इतपत आवळावे आणि टेलस्टॉककडे सरकवावे. वाटेत अडकले, की झीज कळली. नेमक्या याच क्षणी विकणारा तेलाची बुधली शोधायला जातो.

लेथला 'साडेचार फुटी' म्हणतात, ती बेडची लांबी. दोन सेंटरमधले अंतर त्याहून बरेच कमी. मोटर थ्री फेज, घरात 230 व्होल्टची सिंगल फेज. मग मोटर बदला किंवा ड्राइव्ह बसवा. फोर-जॉ चक, टूल, मायक्रोमीटर, डायल गेज हे सारे वेगळे, आणि मिळून बहुधा लेथइतकेच.

त्यावर होणारे पहिले काम म्हणजे त्याच लेथची हरवलेली मूठ.