तारे द्यावेत, पण सुटे ठेवून

परदेशातल्या सहलीहून परत आल्यावर तीन कामं करावी लागतात. बॅगेतले दमट कपडे बाहेर काढणं, शेजारी चॉकलेटं वाटणं आणि अभिप्राय लिहिणं. पहिली दोन कुणालाही जमतात. तिसऱ्याला साधना लागते.

आमच्या रोडपालीतल्या इमारतीत या विषयातला एकच अधिकारी पुरुष आहे, तो म्हणजे माझे सासरे. अण्णा एसटीच्या पनवेल आगारातून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, एकतीस वर्षं नोकरी करून. नोव्हेंबर 2024 मध्ये अण्णा, आई म्हणजे सासूबाई, नवरा आणि मी असे चौघं थायलंड, मलेशिया, सिंगापूर ही नऊ दिवसांची ग्रुप टूर करून आलो. अण्णांना मोबाइलवर मराठी टाइप करता येतं, पण ते करत नाहीत. ते खुर्चीत रेलून म्हणतात, "लिही गं." मग मी लिहिते. या लेखनिकीतून जे शास्त्र माझ्या हाती लागलं, ते होतकरूंसाठी इथे मांडते आहे. पु. ल. देशपांड्यांनी याच मुलखांवर 'पूर्वरंग' लिहिलं तेव्हा तारे देण्याची सोय नव्हती. बिचाऱ्यांना अख्खं पुस्तक लिहावं लागलं.

नियम 1. अभिप्रायाची सुरुवात उंबरठ्यापासून करावी.

विमान मध्यरात्रीनंतरचं होतं, तरी अण्णांनी संध्याकाळी सहालाच आम्हाला बॅगांसकट खाली उभं केलं. कारण कळंबोली सर्कल. लोखंड बाजारातून सळ्या भरून निघालेला एखादा ट्रेलर तिथे आडवा झाला, की पुढची सगळी विमानं तुमच्याशिवाय उडतात. त्या दिवशी ट्रेलर आडवा झाला नाही. आम्ही सहारच्या विमानतळावर चार तास आधी पोचलो आणि चार तास बसून राहिलो. त्यापायी विमान कंपनीचा एक तारा गेला.

उलव्याचा विमानतळ तेव्हा उद्घाटनाच्या तारखा बदलण्यात मग्न होता, त्यामुळे त्याच्याकडे पाठ करूनच आम्हाला जावं लागलं. आता 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडू लागली आहेत. अण्णा गच्चीत उभे राहून ती बघतात आणि उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला मनातल्या मनात तारे देतात.

नियम 2. विमानातल्या जेवणाला घरातल्या सगळ्यांनी मिळून तारे देऊ नयेत.

बुकिंगच्या वेळी नवऱ्याने आईंच्या नावापुढे 'हिंदू मील'वर खूण केली. हिंदू म्हणजे शाकाहारीच, अशी त्याची भाबडी समजूत. आईंचा गुरुवार होता. झाकण उघडलं तर आत चिकन. आईंनी डोळे मिटून घेतले, अण्णांनी हात पुढे केला. एकाच ट्रेला आईंनी शून्य दिलं आणि अण्णांनी पाच. सरासरी अडीच येते, पण ती चिकनवरही अन्याय करते आणि गुरुवारवरही.

इथे विनोद बाजूला ठेवून सांगते. विमानाच्या भाषेत हिंदू मील म्हणजे गोमांस आणि डुकराचं मांस नसलेलं जेवण, बाकी कोंबडी, मासे, मटण त्यात येऊ शकतं. शाकाहारी हवं असेल तर 'एशियन व्हेज' मागावं, कांदा-लसूणही नको असेल तर 'जैन'. आणि ते आधी कळवावं. आकाशात गेल्यावर हवाई सुंदरीकडे साबुदाण्याची खिचडी मागून उपयोग नसतो. आईंनी ती मागून बघितली.

नियम 3. पायांना जागा कमी होती, हे लिहू नये. ती कुणालाच नव्हती.

नियम 4. हॉटेलला दोष देण्याआधी घड्याळ बघावं.

रात्रीचं विमान बँकॉकला पहाटे उतरतं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे आधीच कमी असलेली झोप आणखी दीड तासाने कापली जाते. खोली मात्र दुपारी दोनला मिळते. मधल्या वेळात छत्तीस माणसांचा आमचा ग्रुप तोंड न धुता देखावे बघत होता. दुपारी बारा वाजता लॉबीत पोचल्यावर अण्णांनी सोफ्यावर बसून एक तारा कापला. दोनला खोली मिळणार हे कागदावर लिहिलेलं होतं, हे नवऱ्याने दाखवलं. "वाचलंय मी," अण्णा म्हणाले, "पण झोप वाचून येते का?" हातातल्या पिशवीत ब्रश, टॉवेल आणि एक कपड्यांचा जोड ठेवला असता तर तो तारा वाचला असता. पुढच्या वेळी ठेवणार आहे.

क्वालालंपूरच्या हॉटेलात लिफ्टमध्ये तीननंतर '3ए' आणि मग थेट पाच. अण्णांनी दोनदा वर-खाली करून खात्री केली. "चौथा मजला खाल्ला," असा निकाल त्यांनी जागीच दिला. सिडकोच्या वसाहतीत इतकी वर्षं राहिलेल्या माणसाला हेच सुचणार. खरी गोष्ट अशी, की चिनी भाषेत चार आणि मृत्यू या शब्दांचे उच्चार जवळजवळ सारखे आहेत, म्हणून त्या भागात अनेक ठिकाणी चार हा आकडाच गाळतात. हे कळल्यावर अण्णांनी कापलेला तारा परत दिला आणि वर म्हणाले, "मग बरोबर आहे. आपणही यमाला पत्ता सांगत नाही."

तो तारा फार वेळ टिकला नाही. मलेशियात परदेशी पाहुण्याला दर खोलीमागे दर रात्री दहा रिंगिट पर्यटन कर द्यावा लागतो आणि तो बहुधा हॉटेलच्या काउंटरवरच मागतात. आमच्या दोन खोल्या, तीन रात्री, साठ रिंगिट. अण्णांनी त्याचे रुपये केले. परदेशात रुपये करणाऱ्या माणसाच्या हाती अभिप्राय देऊ नये, हा खरं तर स्वतंत्र नियम व्हायला हवा.

न्हाणीघराबद्दल एकच सांगते. अण्णांनी रोडपालीहून प्लास्टिकचा मग नेला होता. त्यावरून आम्ही दोघं आठवडाभर त्यांना हसलो, कारण थायलंड-मलेशियात भिंतीला पाण्याची नळी असते. मग सिंगापूरच्या हॉटेलात पोचलो. तिथे आमच्या खोलीत फक्त कागद होता. अण्णांनी मग भाड्याने दिला नाही, एवढंच नशीब. सिंगापूर आणि मलेशियात प्लगही चौकोनी तीन पिनांचा लागतो, तो मात्र अण्णांनी नेला नव्हता.

नियम 5. सकाळच्या बुफेत पोहे नव्हते, ही तक्रार नव्हे. पर्समध्ये केळी ठेवताना पकडलं गेल्यास सेवा वाईट होती असंही लिहू नये.

नियम 6. बसला तारे देण्याआधी तिच्यात जागं राहावं.

ग्रुप टूरचा मंत्र सहा-सात-आठ. सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस. आठला सगळे चढतात आणि सव्वाआठला सगळ्यांच्या माना पडतात. नंतर हीच मंडळी लिहितात, 'बस आरामदायी'. तुम्हाला काय कळलं? तुम्ही घोरत होता.

अण्णांच्या मते जगातल्या प्रवासी वाहतुकीचा इतिहास 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली तेव्हा सुरू होतो. त्याआधी सगळी बैलगाडी. अशा माणसाबरोबर बसने हिंडणं म्हणजे परीक्षकाशेजारी बसून पेपर देणं. बसमध्ये रोज जागा बदलायच्या असा टूरचा नियम होता, म्हणजे पुढची सीट सगळ्यांच्या वाट्याला यावी. अण्णांनी तो मान्य केला आणि चार दिवस रोज दोन चकल्या देऊन ड्रायव्हरमागची सीट परत मिळवली. आईंची चकली त्या ग्रुपमध्ये रिंगिटपेक्षा वरच्या भावाने चालत होती.

त्यांच्याकडून शिकलेलं थोडं इथे देते. सीट पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली धरावी. मागच्या चाकावरची सीट हाडं मोजते आणि शेवटची रांग माणसाला उडवते. ओकारी होणाऱ्याने पुढे बसून रस्त्याकडे बघावं, मोबाइलकडे नाही. दुमजली गाडीत वर बसलं की देखावा मिळतो आणि वळणावर पोटात झोलही मिळतो. तिकडच्या बसचा एसी थेट मानेवर येतो, त्यामुळे बाहेर घामाच्या धारा असल्या तरी शाल जवळ हवी.

थायलंडच्या ड्रायव्हरने काचेपाशी फुलांचा हार टांगला होता. अण्णा खूश. "हार घालतो म्हणजे घाबरतो. घाबरणारा ड्रायव्हर चांगला." मलेशियात गेंटिंगचा चढ आला तेव्हा ते डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत बसले. ज्या गिअरमध्ये चढ चढायचा, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा आणि ब्रेक शेवटी, हे बोरघाटापासून कार्ले खिंडीपर्यंत सगळीकडे लागू आहे म्हणे. येताना खाली सपाटीला लागेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "शिकलाय कुणाकडे तरी."

क्वालालंपूरजवळच्या बाटू केव्हजच्या 272 पायऱ्या आई चढल्या. अण्णा खाली बसमध्येच राहिले. आम्ही उतरून आलो तर दोघं ड्रायव्हर शेजारी शेजारी बसलेले, भाषा एकही समान नाही. अण्णांनी पाकिटातून आपला जुना बिल्ला काढून त्याच्या तळहातावर ठेवला होता. तो माणूस बिल्ला अंगठ्याने पुसून बघत होता.

नियम 7. देशाला तारे देताना आपलं काय हरवलं ते आधी तपासावं.

क्वालालंपूर ते सिंगापूर साधारण 350 किलोमीटर. सरहद्दीवर दोनदा उतरायचं, एकदा मलेशियातून बाहेर पडताना, एकदा सिंगापुरात शिरताना, आणि सिंगापूरच्या बाजूला सगळ्या बॅगा स्वतः ओढत न्यायच्या. त्या आधीच्या थांब्यावर टूर लीडरने जाहीर केलं, की कुणाकडे तंबाखू, गुटखा असेल तर इथेच टाका. सिंगापुरात चघळायची तंबाखू नेता येत नाही. च्युइंगगमची आयातसुद्धा 1992 पासून बंद आहे. पोरगा सगळ्यांना सांगत होता, पण बघत अण्णांकडे होता.

अण्णांनी पुडी टाकली. चुन्याची डबी टाकताना थोडे थांबले. पुढचे तीन दिवस चांगी विमानतळाचा धबधबा, मर्लायन, सेंटोसा, सगळं त्यांनी हात मागे बांधून बघितलं. घरी आल्यावर मला सांगितलं, "लिही. देश स्वच्छ आहे, पण माणसाने टेकावं असं कुठे वाटत नाही. दोन." मी दोन लिहिले. तेव्हापासून कुणाचाही अभिप्राय वाचताना मी तारे मोजत नाही, त्या सकाळी त्या माणसाच्या खिशातून काय गेलं असेल याचा अंदाज घेते.

नियम 8. समोरासमोर तारे मागितले तर काय करावं.

हा मला जमलेला नाही. शेवटच्या रात्री जेवताना टूर लीडर फॉर्म वाटतो. तो पोरगा आठ रात्री आमच्यासाठी चार-चार तास झोपला होता. हळूच म्हणाला, "ताई, चार दिले तरी ऑफिसमधून फोन येतो." मी धडाधड पाच-पाच भरले, जेवणाला पाच, हॉटेलला पाच, न मिळालेल्या चौथ्या मजल्यालाही मागितले असते तर पाच. घरी येऊन रात्री अकराला गूगलवर हॉटेलला तीन दिले, स्वतःचं नाव न लावता. तोंडावर पाच आणि माघारी तीन, हे माझं माप. अण्णांना मी हसते, पण ते निदान एकाच मापाने मोजतात.

अण्णांनी आपला फॉर्म स्वतः भरला. जेवण, हॉटेल, स्थळदर्शन, टूर लीडर, बस असे रकाने होते. बसच्या रकान्यात एसी, स्वच्छता, सीट. ते कागद उलटापालटा करून बघत राहिले. मग समासात, डाव्या हाताने कागद धरून, एसटीच्या लॉगशीटवर लिहीत तशा अक्षरात त्यांनी लिहिलं: 'मलेशिया ड्रायव्हर. ब्रेकचा धक्का एकदाही नाही.' खाली गाडीचा नंबर. नंबर त्यांना पाठ होता, नाव नव्हतं.

एसटीत प्रवाशांसाठी तक्रार पुस्तक असतं. एकतीस वर्षांत अण्णांच्या नावावर तीन नोंदी. एक गाडी जोरात चालवल्याची, एक हळू चालवल्याची आणि एक, प्रवाशाने विचारलं असता तोंडात तंबाखू असल्याने उत्तर दिलं नाही, याबद्दलची. दुसऱ्या कसल्या नोंदी करायला वेगळं पुस्तक नव्हतं.

ती समासातली ओळ पुढे कुणी वाचली का, माहीत नाही. तेव्हा सहल कंपन्यांना एक विनंती. फॉर्ममध्ये ड्रायव्हरसाठी एक रकाना ठेवा. आणि शक्य असेल तर जरा मोठा ठेवा, कारण पुढच्या वर्षी अण्णा व्हिएतनामला जायचं म्हणताहेत आणि तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात.