बँकरची बाग

स्टाउरहेडला ऑक्टोबरात लोक लाल-पिवळी पानं बघायला जातात. मी बाबांना नेलं, ते माझं ज्ञान ऐकवायला. क्लोद लोरँच्या चित्रांतला निसर्ग हेन्री होअरने अठराव्या शतकात विल्टशरच्या दरीत कसा उतरवला, पाणी अडवून तळं कसं केलं, काठावर पँथिऑन आणि पाच कमानींचा पूल कुठून दिसावा म्हणून बांधला, हे सगळं मी असं सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, होअर माझा सल्ला घेतल्याशिवाय एक झाड लावत नसे. डोक्यावर ट्वीडची टोपीही होती.

असे जुने वाडे आणि बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टचं वार्षिक सदस्यत्व घेतल्यापासून आमच्याकडे रविवार हा वसुलीचा वार आहे. पावसात, चिखलात, एकदा तर अंगात ताप असताना आम्ही उमरावांचे वाडे पाहिलेत. बायको पार्किंग धरून हिशेब ठेवते. एखादं दालन दुरुस्तीसाठी बंद असलं, की आपलंच छत गळत असल्यासारखी ती हळहळते. चहा घरून, थर्मासमधून. तिथला स्कोन घेतला की मागच्या वाड्याची वसुली पाण्यात!

बाबा जिल्हा बँकेतून निवृत्त झालेले. लोरँवर त्यांनी जांभई दिली.

"ह्याचा धंदा काय होता?"

"बँक. 1672 पासूनची. अजून चालू आहे."

"म्हणजे राज्याभिषेकाच्या आधीची!" त्यांनी प्रथमच तळ्याकडे आदराने पाहिलं.

म्हातारपणी हेन्रीने ही इस्टेट नातवाला दिली, पण अट घातली: बँकेतून अंग काढून घ्यायचं. बँक बुडाली तरी बाग राहावी.

"शहाणा माणूस," बाबा म्हणाले. "म्हणून तर तुला चिकटवलं नाही बँकेत. चेअरमन दोनदा विचारत होते."

आणि मी इतकी वर्षं समजत होतो, आपण स्वतःच्या हुशारीने निसटलो!

"मग ट्रस्टकडे कशी गेली?"

हे मला सांगायचं नव्हतं. तेव्हाच्या मालकाचा एकुलता एक मुलगा पहिल्या महायुद्धात, 1917 साली गेला. 1946 मध्ये त्यांनी बाग देऊन टाकली. बाबा गप्प झाले. सांगलीचं घर, आवारातला आंबा, आणि एकुलता एक मी, इकडे विलायतेत. या विषयाशी आलो की फोनवर आम्ही दोघंही हवापाणी विचारतो.

त्यांचा नातू पानांच्या ढिगात लोळत होता. बायको ओरडायला निघाली.

"ह्या बागेचा खर्च कोण करतं?" बाबांनी तिला अडवत विचारलं.

"आमच्यासारखे सदस्य."

"मग लोळू दे की. तेवढंच वसूल!"