तात्यांना अटक झालीच नव्हती

आमच्या चाळीतल्या तात्यांनी मध्यंतरी एक रात्र पोलीस ठाण्याच्या बाकावर काढली. हवा होता त्यांच्याच नावाचा दुसरा कोणीतरी. घोळ लक्षात आला तेव्हा पहाट झाली होती. ‘जा आता घरी,’ एवढ्यावर प्रकरण मिटलं. चहा पाजला, हे मात्र तात्या प्रामाणिकपणे सांगतात.

तक्रार करायला गेले आणि त्यांचं मराठी कच्चं निघालं. ‘मला खोटी अटक झाली,’ असं ते म्हणाले. ठाणे अंमलदारांनी शुद्धलेखन तपासावं तसं वाक्य तपासलं. अटक कुठे? बसवून ठेवलं होतं! या खात्याचा शब्दसंग्रह एखाद्या विद्यापीठाने अभ्यासाला लावावा. माणसाला आधी ‘आणतात’, मग ‘बसवतात’, मग ‘चौकशीकामी थांबवतात’, अगदीच नाइलाज झाला तर ‘अटक’ करतात. घटनेच्या अनुच्छेद 22 प्रमाणे अटकेपासून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं असतं. पण नुसतं बसलेल्या माणसाला उभं कशाला करायचं?

तात्या वरच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने अटक पंचनाम्याची प्रत मागितली. 1996 च्या डी. के. बसू निकालापासून अटकेचा कागद जागेवरच करायचा असतो, त्यावर तारीख, वेळ आणि साक्षीदाराची सही घ्यायची असते. ‘तो केलाच नाही, हीच तर माझी तक्रार!’ तात्या म्हणाले. ‘बरोबर,’ कारकून म्हणाला, ‘पण प्रत जोडा.’

मग कॅमेऱ्यांचं चित्रण मागितलं. ठाण्याठाण्यांत कॅमेरे लावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये बजावलंय. इथेही होते. तात्यांसारखेच, बसवून ठेवलेले आणि कसलीही नोंद नसलेले.

शेवटी वाचनालयात त्यांना राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचा शोध लागला. असं काही स्थापन करा, असं प्रकाश सिंह खटल्यात न्यायालयाने 2006 मध्ये सांगितलं होतं. महाराष्ट्राने पोलीस कायद्यात तशी दुरुस्ती 2014 मध्ये केली. तात्यांना उचलायला आठ मिनिटंसुद्धा लागली नव्हती, पण आठ वर्षं म्हणजे काही फार नव्हेत. कार्यपद्धती न पाळता केलेली अटक हा विषय त्या कायद्यात स्वच्छ लिहिलाय. प्राधिकरणावर निवृत्त न्यायमूर्ती असतात, निवृत्त पोलीस अधिकारी असतात, सचिव दर्जाचे निवृत्त अधिकारी असतात. शिवाय नागरी समाजातली एक मान्यवर व्यक्तीही असते. मान्यवर म्हणजे, माझ्या समजुतीप्रमाणे, ज्याला कधी बसवून ठेवलेलं नाही असा नागरिक.

तात्या तिकडचा अर्ज लिहीत होते, तेवढ्यात दारात शिपाई हजर. वरच्या कचेरीत दिलेला त्यांचा अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पायरी पायरी उतरत त्याच ठाण्यात, त्याच साहेबांच्या टेबलावर येऊन पोचला होता. जबाबाला या, अशी नोटीस होती. काकूंनी सवयीने चहा टाकला. तात्यांनी सही केली.

‘काका, खाली तारीख घाला,’ शिपाई म्हणाला, ‘आणि वेळसुद्धा. शेजारच्या कोणाची साक्षीदार म्हणून सही घेऊ या. नंतर कटकट नको.’